दाराजवळची गादी

गुलमंडीतल्या आमच्या साडीच्या दुकानात तीन गाद्या होत्या, आणि विकणाऱ्याची लायकी तो कुठल्या गादीवर बसतो यावरून ठरायची. सगळ्यात आतली, पंख्याखालची मोठी गादी बस्त्याची. लग्नाचा सगळा कपडा एका बैठकीत घ्यायला खेड्यांतून घरंच्या घरं येतात, ती तिथं बसायची. मधली गादी काठपदराच्या साड्यांची. दाराजवळची माझी: परकर, ब्लाउजपीस, रोजच्या वापराच्या साड्या. दारातून धूळ यायची आणि दुपारचं ऊन सरळ मांडीवर पडायचं.

आतल्या गादीवर काका बसायचा, नात्यानं कुणाचाच नव्हे, दुकानातला सगळ्यात जुना विकणारा. वीसेक वर्षं तो तिथंच होता. सगळे त्याला अहो-काहो करायचे. तोंडावर मीही करत होते, पण लिहिताना करायची माझी इच्छा नाही.

तो मला भाजीवाली म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. पाचोडच्या आठवडी बाजारात मी आधी आईबरोबर आणि मग एकटीनं मेथी-कोथिंबीर विकली होती. लग्न होऊन शहरात आल्यावर कुणाच्या ओळखीशिवाय या दुकानात शिरले. मालकांनी विचारलं होतं, "साडी विकलीय का कधी?"

"संध्याकाळची सुकलेली मेथी विकलीय," मी म्हणाले. "साडी तर सुकत नाही."

मालक हसले आणि मला कामावर घेतलं. काका तिथंच उभा होता. दुसऱ्या दिवसापासून दुकानात माझं खरं नाव कुणी घेतलं नाही.

"ए भाजीवाली, वरच्या खणातले शालू काढ."

"काढते, काका."

"अन् पाणी मार त्यांच्यावर, कोमेजतील."

सगळे हसायचे. रोज नवा विनोद सुचायला डोकं लागतं. तेवढं त्याला नव्हतं, म्हणून तोच विनोद चार वर्षं चालला.

आमच्या दुकानात दोन नियम होते, आणि ते मला काकानंच शिकवले. एक म्हणजे, कुणी माल दाखवत असेल तर दुसऱ्यानं त्याच्या गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. दुसरा चपलांचा. गिऱ्हाईक गादीवर बसताना चपला काढतं. ते उठलं आणि त्यानं चपला घातल्या की ते कुणाचंच राहत नाही. त्याला पुन्हा जो बसवेल, त्याचं ते.

एकदा एक शाळेतल्या बाई मुलीच्या साखरपुड्यासाठी माझ्याकडं आल्या. तासभर मी साड्या उलगडत होते, त्या एकीपर्यंत आल्याही होत्या. तेवढ्यात आतून काका म्हणाला, "मॅडम, आत या. तिला जुडी बांधता येते, साडी दाखवता येत नाही."

बाई अवघडून हसल्या, उठल्या, त्यांनी चपला घातल्या आणि चार पावलांवर जाऊन पुन्हा काढल्या. पहिला नियम त्यानं मोडला आणि दुसऱ्याचा फायदा घेतला. मी हातातली लोखंडी मीटरपट्टी फेकली. त्याला लागली नाही, मागचा आरसा तडकला. मालकांनी मला महिनाभर गोदामात बसवलं. आरसा कुणी फोडला ते सगळ्यांनी पाहिलं. पट्टी का फेकली ते एकानंही विचारलं नाही. हे मी आजही विसरलेले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

गोदामातून परत आल्या दिवशीच मी मालकांकडं बस्त्याचं काम मागितलं. बस्ता करणाऱ्याला दुकानात मान असतो. बाकीचे त्याला माल काढून देतात, गिऱ्हाईक पुढच्या लग्नाला त्याचं नाव विचारत येतं.

"एक बस्ता एकटीनं पार पाड," मालक म्हणाले. "मग माग."

"पण काका बस्त्याचं गिऱ्हाईक माझ्यापर्यंत येऊ देत नाहीत."

"ते तू बघ."

म्हणून मी बघत बसले. राग गेला नव्हता. मेथी ओल्या फडक्यात गुंडाळतात तसा मी तो गुंडाळून ठेवला होता, ताजा राहावा म्हणून.

दीड वर्षानं, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, पिशोरहून एक कुटुंब आलं. म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून, आणि जिचं लग्न होतं ती नात. काकानं त्यांना आत बसवलं. नवरीला पांढरी साडी हवी होती. आमच्या घरातही सगळी लग्नं पांढऱ्यातच झालेली, त्यामुळं माझा कान तिकडं लागला.

काकानं चार पांढऱ्या साड्या न उलगडताच पुढं टाकल्या. "पांढऱ्यात काय निवडायचं, माय? पांढरं ते पांढरं."

आजीनं कमरेच्या पिशवीतून कापडाचं एक कातरण काढलं. "नवरदेवाच्या कोटाचं हाय. ह्याच्याशी जुळाया पायजे. दोघं शेजारी बसतेत, एक उजळ अन् एक मळकं दिसाया नको."

काकानं कातरण साडीवर ठेवलं. "जुळलं. पुढं बोला."

"उजेडात बघू द्या की."

"उजेडात काय पीक बघायचंय का? वर लाइट हाय."

आजीचा मुलगा म्हणाला, "जरा नीट बोला, भाऊ."

"नीटच बोलतोय. घ्यायचं तर घ्या. बस्ता म्हणून आलात अन् एका साडीला अर्धा तास."

ही काकाची पद्धत होती, आणि ती बऱ्याचदा चालायची. मोठ्या बागायतदाराला टोचलं की तो ऐपत दाखवायला दोन शालू जास्त घ्यायचा. पण या आजीला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. तिनं कातरण घडी करून पिशवीत ठेवलं आणि ती उठली. काका हललासुद्धा नाही. येतील परत, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी त्यांच्या पायांकडं पाहत राहिले. मुलानं चपला घातल्या, सुनेनं घातल्या, नवरीनं सँडलचा पट्टा लावला. आजीचा एक पाय चपलेत गेला. दुसरा अंगठ्यात अडकला. तोही आत जाईपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "आजी, उन्हात कशाला जाता? ऊन माझ्या गादीवरच आलंय. कातरण इथं बघा."

आजीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि चपला काढल्या.

काकानं टाकलेलीच साडी मी आधी उन्हात पसरली, वर कातरण ठेवलं. आत जुळलेली ती साडी इथं पिवळसर पडली, हळदीच्या हातानं धुतल्यासारखी.

"बघ," आजी मुलाला म्हणाली. "म्हणलं नव्हतं?"

मी दुधी काढली, मोतिया काढली. निळसर झाक असलेली तिसरी उलगडली, तेव्हा तिच्यावरचं कातरण शोधावं लागलं. तोवर गप्प असलेली नवरी म्हणाली, "हीच."

"ए भाजीवाली," आतून आवाज आला, "ते माझं गिऱ्हाईक हाय."

"चपला घातल्या होत्या, काका. मालकांना विचारा."

मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली नाही. "घातल्या होत्या," ते म्हणाले.

आजीनं विचारलं, "भाजीवाली का म्हणतोय तुला?"

"पाचोडच्या बाजारात मेथी विकायचे."

"तरीच. माल हलक्या हातानं उलगडतीस." ती मांडी घालून नीट बसली. "आम्ही मिरच्या विकल्यात. आता सांग भाव."

पुढचे तीन तास माझ्या आयुष्यातले फार चांगले तीन तास होते. मुलानं यादी वाचायची, मी माल काढायचा, आजीनं नाक मुरडायचं. आत्या, मावश्या, चुलत्या, विहीण, करवल्या.

"ह्या किमतीत आमच्याकडं म्हैस येती."

"आणा मग. नेसवू करवलीला."

नवरी हसून हसून आईच्या खांद्यावर पडली. आजी मात्र हसली नाही, ती भाव करत होती. दोनदा ती "चला रे" म्हणून उठली. दोन्ही वेळा मी तिच्या पायांकडं पाहिलं. चपला जागच्या जागी होत्या. मी काही सोडलं नाही. तिसऱ्यांदा तिचा अंगठा चपलेत गेला, तेव्हा थोडं सोडलं. तीही थोडी वर आली. आम्ही दोघी एकमेकींना बरोबर ओळखून होतो.

सगळं बांधून झाल्यावर मी यादी मागून घेतली आणि वाचली. गावातल्या प्रत्येक बाईचं नाव होतं, आजीचं नव्हतं. यादी सांगणारी स्वतःला यादीत घालत नाही. मी मालकांकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली. मऊ सुताचं एक हिरवं लुगडं काढून मी गठ्ठ्यावर ठेवलं.

"हे कशाचं?" आजीनं संशयानं विचारलं.

"वरची कोथिंबीर."

बाजारात जुडी दिल्यावर वर चार काड्या टाकतात. त्या मागितल्यावर द्यायच्या नसतात, आपल्या हातानं शेवटी टाकायच्या असतात. आजी पहिल्यांदा हसली. "लई पक्की हाईस," ती म्हणाली. जाताना मुलाला तिनं माझं नाव विचारून घ्यायला लावलं. खरं नाव. काकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात मी ते सांगितलं.

दुकान आवरताना मालक म्हणाले, "उद्यापासून आत बस. काकाच्या शेजारी."

"आत नको," मी म्हणाले. "मी बस्ता इथंच करणार, उजेडात. गादी मोठी करून द्या. अन् माल काढून द्यायला माणूस."

"आणखी काही?"

"आरसा. हलका नको, चांगला."

मालक "बरं" म्हणाले. दाराजवळ जागा करायची तर आतली गादी हातभर मागं सरकवावी लागली. ती सरकवली तेव्हा काका तिच्यावर बसलेलाच होता.

त्यानं माझी कधी माफी मागितली नाही. मीही त्याला कधी माफ केलं नाही. तो अजून आत बसतो, गिऱ्हाइकांना अजून टोचतो, आणि त्याच्याकडून उठलेली गिऱ्हाइकं अजून माझ्या दारावरूनच बाहेर जातात. जातात म्हणजे, निघतात.

पण पांढऱ्याचा बस्ता त्याच्याकडंही येतो, आणि आता गिऱ्हाईकच म्हणतं की साडी उजेडात दाखवा. मागच्या लग्नसराईत तो हातात दोन साड्या घेऊन, मागं गिऱ्हाईक घेऊन, माझ्या गादीच्या कडेला येऊन उभा राहिला. ऊन नेमकं माझ्या मांडीवर होतं. मी ब्लाउजपीसच्या घड्या घालत राहिले.

तो खाकरला. मी पुढची घडी घातली.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "जरा उजेड द्या."

मी सरकले. चार बोटं.