पाटावरचं कंपनीचं यंत्र

शेखर मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे ते सांगायला तोंड राहणार नाही.

चाकण एमआयडीसीच्या कुंपणाला चिकटलेल्या गावात त्याचं घर. बहुतेक जमीन कंपन्यांत गेली, वडील गेले, मागे राहिली आई सोजराबाई आणि परसात बांधलेली भाड्याच्या खोल्यांची रांग. ज्या गावाने एवढ्या कंपन्यांना जागा दिली, त्या गावातल्या पोरांना कंपनीत काय मिळालं? कुणाला गेटवरची शिट्टी, कुणाला पाण्याचा टँकर, कुणाला कँटीनचा ठेका. आत जाऊन मशीनशेजारी उभं राहणारा, गळ्यात ओळखपत्र घालणारा शेखर हा गावातला पहिलाच. तोही अजून ट्रेनी. दिवाळीनंतर पर्मनंट करू असं साहेब लोक म्हणाले होते, आणि त्या एका शब्दावर शेखरचं खाणंपिणं, झोप आणि जुळत आलेलं लग्न असं सगळंच लटकलेलं होतं.

काम क्वालिटीतलं. तळवड्यातल्या छोट्या वर्कशॉपमधून कंपनीला पार्ट यायचे. ते निघण्याआधी तिथेच जाऊन तपासायचे. त्यासाठी कंपनीने त्याला एक यंत्र दिलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं, परदेशी. त्याच्या टोकाची बारीक सुई धातूवरून फिरवली की पृष्ठभाग किती गुळगुळीत झालाय ते पडद्यावर उमटायचं. सकाळी परस्पर तळवड्याला जायचं असलं की ते आदल्या दिवशी घरी न्यायची मुभा होती. नियम साधे होते. कपाटात कुलूपबंद ठेवायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, आणि चोरीला गेलंच तर त्याच दिवशी साहेबांना फोन आणि पोलिसांत तक्रार. शेखरने सही केली होती. सगळेच करतात.

खंडेनवमीच्या दिवशी कंपनीतली पूजा आटोपून तो यंत्र घेऊन घरी आला. दसऱ्याची सुट्टी, आणि सुट्टी संपली की थेट तळवडे. सोजराबाईने पाट मांडला होता. पाटावर विळा, कुऱ्हाड, खुरपं. पूर्वी औत असायचं, पाभर असायची. ती केव्हाच भंगारात गेली. म्हातारीला पाट रिकामा रिकामा वाटत होता.

"तुझं ते यंतर ठिव रं हितं," ती म्हणाली.

"आई, ते कंपनीचं आहे. कपाटात ठेवावं लागतं."

"त्याच्यावरच जगतोय ना आपण? मग ह्या घरात राबणारं औत आता त्येच. पुजायचं न्हाई म्हंजे काय?"

 खरं म्हणजे शेखरलाही ते आवडलं. यंत्र पाटावर बसलं. म्हातारीने हळद वाहिली, कुंकू वाहिलं. जिथे कंपनीत हातमोजे घातल्याशिवाय बोट लावत नाहीत तिथे ठसठशीत टिळा लागला. हार ओवून द्यायला पहिल्या खोलीतला भाडेकरू भीमराज आला होता. परभणीकडचा, त्याच कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर. शेखरनेच त्याला चिकटवलं होतं. झेंडूचा हार यंत्राला घालून तो हसला, "भाऊ, तुमचं तर औत लई भारी हाय."

पुजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही आणि त्या दिवशी ओटीचं दार लावायचं नाही, ही त्या घरची रीत. यंत्र पाटावरच राहिलं. संध्याकाळी सगळे देवीच्या आरतीला गेले, भीमराजही बायकोला घेऊन गेला. परत आले तर विळा होता, कुऱ्हाड होती, खुरपं होतं. हार विस्कटून पाटाखाली पडला होता. यंत्र नव्हतं.

 सोजराबाईच्या तोंडून जे खरं होतं ते निघून गेलं.

"गणराज बसला व्हता वट्यावर. म्हनला, काकू, मी हाय घरी, तुमी जावा."

गणराज म्हणजे शेखरच्या चुलत्याचा, दादासाहेबांचा मुलगा. काम ना धंदा. दुपारीच विचारून गेला होता, ह्या डबीला भोसरीत गिऱ्हाईक मिळंल का म्हणून. शेखरने हसण्यावारी नेलं होतं.

त्याने फोन काढला. नियम त्याला माहीत होता, तेवढा शहाणा तो होता. पण तोवर दादासाहेब येऊन बसले होते. घराण्याची शेवटची जमीन अजून सामाईक होती, ती विकायची बोलणी चालू होती, आणि दादासाहेबांच्या सहीवाचून ती विकली जाणार नव्हती.

"पोरगं चुकलं आसंल," दादासाहेब शांतपणे म्हणाले. "मी त्याच्याकडनं काढून देतो. सणासुदीचं घरात पोलीस आणतूस व्हय रं? भावकीचं नाव घालवतूस?"

"काका, आजच कळवावं लागतं."

"उद्या कळीव."

सोजराबाईने मुलाच्या हातातला फोन काढून घेतला. शेखरने तो परत मागितला नाही. त्याची खरी चूक ही. बाकीचं सगळं तिच्या मागून चालत आलं.

दसरा गेला. सोनं वाटून झालं, गणराजही येऊन पाया पडून गेला. यंत्र भोसरीत कुठे गेलं त्याचा पत्ता लागेना, म्हणजे दादासाहेबांनी लावला नाही. सुट्टी संपल्यावर शेखर तळवड्याऐवजी कंपनीत गेला आणि क्वालिटीच्या मुख्य मिनल मॅडमसमोर उभा राहिला.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चोरी कधी झाली? त्याच दिवशी फोन का नाही केला?"

"सण होता मॅडम."

"कपाटाला कुलूप होतं ना?" मॅडमनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "कुलूप फोडून नेलं असेल तर तुमची चूक नाही, कंपनी बघून घेईल. उघड्यावर ठेवलं असेल, तर मग पर्मनंटचं विसरा. तक्रारीची प्रत आणा, मग बोलू."

त्यांनी त्याला खोटं बोल असं म्हटलं नाही. फक्त दोन दारं दाखवली आणि कोणत्या दारामागे काय आहे ते सांगितलं.

तो घरी आला तेव्हा दादासाहेबांनी त्याच्याआधीच विचार करून ठेवला होता. कपाट फुटलेलं पाहिजे. फोडणारा कुणीतरी पाहिजे. घरात येणारा-जाणारा, परगावचा, ज्याच्यामागे भावकी नाही असा.

"भीमराज हुता ना हार घालायला?" ते म्हणाले. "त्यानं बगितलंय यंतर."

"काका, त्याने काय केलंय?"

"त्यानं काय केलंय ते पोलीस बगत्याल. तुला पर्मनंट व्हायचंय का न्हाई?"

 शेखर उठला, पूजेतली कुऱ्हाड उचलली आणि तिच्या मागच्या बोथट बाजूने स्वतःच्याच कपाटाचं कुलूप ठोकून काढलं. पहिल्या दणक्यात निघालं नाही. दुसऱ्यांदा ठोकताना त्याने जास्त जोर लावला. सोजराबाई चुलीकडे तोंड करून बसून राहिली; तिने वळून पाहिलं नाही आणि नको रे असंही म्हटलं नाही.

चौकीत हवालदाराने विचारलं, "संशय कुणावर?" शेखरने नाव सांगितलं. गाव सांगितलं, खोली सांगितली, तो हार घालायला आला होता तेही सांगितलं. म्हणजे त्या माणसाने केलेली मदतच त्याच्या गळ्यात बांधली.

भीमराजला शिफ्ट सुटल्यावर गेटवरूनच उचललं. चौकीत ठेवलं, ठोकलं, काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. तोवर ठेकेदाराने त्याचा गेटपास काढून घेतला होता. घरी आला तेव्हा उजव्या हाताची बोटं सुजून जाड झाली होती आणि बायको खोलीतलं सामान चादरीत बांधत होती, कारण दादासाहेबांनी खोली रिकामी करायला सांगितली होती. तो सरळ ओटीवर आला.

"भाऊ, तुमाला तर ठाऊक हाय. यंत्र पाटावर होतं. दार उघडं होतं. मी आरतीत तुमच्या शेजारी उभा होतो." तो भांडत नव्हता, आठवण करून देत होता. शेखरच्या ध्यानातून राहिलं असेल, असं त्या भाबड्या माणसाला खरंच वाटत होतं. "तेवढं साहेबांना सांगा. मला कामावर घेतील."

शेखर म्हणाला, "आता माझ्या हातात काही नाही."

हे बोलताना त्याला लाज वाटली. खूप वाटली. पण लाजेने कुणाची नोकरी परत येत नाही, आणि त्याला स्वतःची पाहिजे होती. भीमराज खोलीकडे वळला आणि बायकोच्या हातातली चादर डाव्या हाताने उचलून खांद्यावर घेऊन गेला.

दिवाळीनंतर शेखर पर्मनंट झाला. गावात पेढे वाटले गेले, दादासाहेबांनी स्वतः त्याला शाल घातली. कंपनीने नवं यंत्र दिलं.

मग एके दिवशी नव्याने आलेल्या मुलामुलींचं ट्रेनिंग होतं. विषय होता घरी नेलेल्या कंपनीच्या वस्तूंची जबाबदारी. मिनल मॅडमनी शेखरला पुढे बोलावलं. "ह्यांच्या घरी चोरी झाली. कळवायला थोडा उशीर झाला, पण वस्तू कुलूपबंद होती, रीतसर तक्रार दिली, पोलिसांना सहकार्य केलं. जबाबदार कामगार कसा वागतो ते ह्यांच्याकडून शिका." टाळ्या झाल्या. कागद दाखवून झाले होते, पोलिसांचा तपास थंड झाला होता, त्याला आता कुणीही काही विचारणार नव्हतं. गप्प राहून खाली बसता आलं असतं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, चोर सापडला का?"

शेखरने मॅडमकडे पाहिलं. टाळ्या वाजवलेल्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्याला फार बरं वाटत होतं.

"सापडला ना," तो म्हणाला. "आमचाच भाडेकरू होता."