पुलावरचे पाच जण

रोज सकाळी खुर्चीत बसलं की आत्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टीचे तीन वेढे घ्यायची आणि पट्टी दातांनी तोडायची. मगच कॉम्प्युटर सुरू. ती तिथं कुणाचीच आत्या नव्हती. व्हिडिओ गेम तपासणाऱ्या त्या खोलीत वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून आत्या. गेम बाजारात जाण्याआधी पुन्हापुन्हा खेळायचा आणि त्यातल्या चुका लिहून द्यायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम.

तिनं तपासलेल्या शेवटच्या गेममध्ये वाटेत पाच शत्रू भेटत. हरवल्यावर प्रत्येकाचं ठरवायचं: मारायचं की सोडायचं. मारलं तर त्याचं हत्यार मिळे. सोडलं तर शेवटी पुलावरच्या लढाईत तो तुमच्या बाजूनं उभा राही. हत्यारवाले पूल सहज जिंकत. सोडणाऱ्यांच्या मागे मात्र पाच कच्ची लिंबं. त्यांना सांभाळता सांभाळता स्वतःचाच निकाल लागे.

गेममधल्या लढाया रचणाऱ्याला सगळे पैलवान म्हणत, कारण अंगानं तो काडी होता. तो म्हणाला, "आत्या, या पाच जणांना पुलावरून काढतोय मी. दया केली म्हणून हरलो, हे कुणाला आवडेल?"

"मग आधी विचारतोस कशाला, मारू का सोडू म्हणून? शोभेला?"

"बरं, शुक्रवारपर्यंत कुणीतरी पाचही जण जिवंत ठेवून जिंकून दाखवा. राहू देतो."

"कुणीतरी म्हणजे मीच की. बाकीच्यांना कुठं वेळ आहे."

चार दिवस ती तोच पूल लढली. अंगठ्यातली ताकद जात चालली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्या तिनं शनिवारवर ढकलल्या. शुक्रवारी दुपारी ती जिंकली. चौघं उभे होते. पाचवा, म्हातारा गिरणीवाला, कठड्याशी पडला होता. त्याच्याकडे वळायचं बटण अंगठ्यानं उशिरा दाबलं होतं.

शेजारी बसणारी मुलगी हळूच म्हणाली, "पाच लिहा हो. कोण मोजायला बसलंय?"

"अगं, मीच बसलेय ना. पगार कशाचा घेते?"

तिनं लिहिलं: गिरणीवाला मेला. खेळणाऱ्याचा हात मंद.

गेम बाजारात आला. त्यात सोडलेली माणसं आभार मानून निघून जातात, आणि पूल एकट्यानं लढावा लागतो. लोकांना तो आवडला.

शनिवारच्या तपासण्यांत जे कळलं, ते वर्षभरात हातातून मानेत चढलं आणि मानेतून श्वासात उतरलं. पैलवान भेटायला आला. पलंगाशी स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "आत्या, गिरणीवाल्याला आणखी दोन घाव सोसतील असं करता आलं असतं मला. एक आकडा बदलायचा होता फक्त. नाही केलं."

ती एकेक शब्द गोळा करत म्हणाली, "जाताना दार लोटून घे. वारा येतोय."