लायटी समोरून निवडायच्या

आमच्या नानांना उजेडाने मारलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून ज्याचा फोन येतो तो तेच म्हणतो, "त्यांची वेळ आली होती आजी."

वेळ नव्हती आली. जीप आली होती.

भाचीच्या मुलीचा साखरपुडा उरकून नाना, आमचे मालक, नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून स्कूटीवर घरी येत होते. दिवेलागणीची वेळ. समोरून जीप आली, छपरावर ती पांढरी पट्टी पेटवून. लाईटबार म्हणतात तिला.

नानांच्या मागे टोमॅटोचा टेम्पो होता. त्या टेम्पोवाल्यानेच नानांना उचललं.

तो म्हणाला, "आजी, मला पण काही दिसंना. मी ब्रेक दाबला. नानांनी एक हात डोळ्यावर धरला. मग ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळल्याचा आवाजच आला."

जीप थांबली नाही.

थांबायला त्याला कळलं तर पाहिजे! घरी गेला असेल, जेवला असेल, झोपला असेल. वर्षभर माझं डोकं तिथंच तापतं.

चौकीतले साहेब म्हणाले, "वयस्कर माणूस, नजर कमी असेल."

नजर कमी! मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी निवडलेल्या तांदळातून खडे काढून माझ्यापुढे मांडायचे. वर हसायचे. लय राग यायचा मला.

आता पुढचं ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या नातवाने, अक्षयने, जीप घेतली. सेकंडहँड, फोर बाय फोर. अंबडला कंपनीत आहे, कमावतो, घेऊ दे.

एका रविवारी म्हणतो, "आजी, गाडीला एक्स्ट्रा लायटी बसवायच्यात."

"कसल्या?"

"छपरावर बार. ग्रुपमध्ये सगळ्यांनी लावलाय."

कणीक मळत होते, हात तसाच राहिला. म्हटलं, "कोणाला मारायचंय?"

तो चिडला. "आजी, पावसाळ्यात त्र्यंबक साईडचं धुकं बघितलंय का तू? बोनेटच्या पुढचं दिसत नाय. मला काय हौस नाय आली."

खोटं बोलत नव्हता. धुक्यात हाही कुठं कोसळला तर मी काय करू?

म्हटलं, "चल. मी येते दुकानात."

दुकानदार लय गोड. "या मावशी, बसा." भिंतभर लायटी. लांब जाणाऱ्या, जवळ पसरणाऱ्या, पांढऱ्या, पिवळ्या. शेवटी त्याने तो बार काढला.

"मावशी, एक किलोमीटरपर्यंत दिसतं याच्यात."

"एक किलोमीटरवर कोण उभं हाय तुझं?"

अक्षय दुसरीकडे बघायला लागला.

"तसं रस्त्यावर कव्हर घालायचं असतं मावशी. कव्हर आपण फ्री देतो."

"घालतं का कोणी?"

"डिकीत राहतं."

निदान खरं तरी बोलला.

मी म्हटलं, "बांध गाडीला. बघूनच घेणार."

त्याला वाटलं, गिऱ्हाईक पटलं. बार तात्पुरता बांधला, वायर जोडली. अंधारायला लागलं तसं गाडी दुकानामागच्या कच्च्या रस्त्याला घेतली. अक्षय स्टेअरिंगवर बसून बटण दाबायला निघाला.

"तू उतर खाली. तिकडं लांब जा आणि गाडीकडं चालत ये. बटण मी दाबते."

"अगं आजी, लाईट गाडीत बसून बघतात."

"पैसे देणारा गाडीत बसून बघतो. ज्याच्या तोंडावर पडती त्याला कोण विचारतं? चाल."

गेला. वळला. चालत यायला लागला.

मी बटण दाबलं.

त्याने हात डोळ्यावर धरला. वाकडा झाला, बाजूला सरकला आणि पाय गटारीत.

मी बंद केलं नाही. ओरडून विचारलं, "काय दिसतंय?"

"काहीच नाय! आजी, बंद कर!"

"नानांना पण एवढंच दिसलं."

मग बंद केलं.

तो गटारीच्या कडेलाच बसला. बुटात चिखल. नाना गेले तेव्हा सगळ्यांचं तोच बघत होता, डोळ्यात टिपूस नव्हतं. तिथं रडला. मी जवळ गेले नाही. रडू दिलं.

पिवळ्या दोन घेतल्या, धुक्याच्या. बंपरला, खाली, रस्त्याकडं तोंड करून. त्याही तशाच तपासल्या. या वेळी समोरून मी चालत आले. रस्त्याची कड दिसत होती, गाडी दिसत होती, आत नाक ओढत बसलेला अक्षय दिसत होता.

म्हटलं, "बसव ह्या."

त्याचे ग्रुपवाले आता 'आजीबाईच्या लायटी' म्हणून चिडवतात त्याला. चिडवू दे.

आज वर्षश्राद्धाला तेच मित्र जेवायला आले होते. नानांच्या फोटोला हात जोडले. खीर दोनदा मागून घेतली. दारात त्यांच्या गाड्या, आणि एकूण एक छपरावर बार.

पंगतीत मी गप्प बसले. जेवणाऱ्याला बोलत नसतात.

इथं फेसबुकवर बोलते.

खाली ते हात जोडलेलं चित्र टाकू नका. ज्याच्या छपरावर बार आहे त्याने 'भावपूर्ण' लिहायचं नाही. खाली जा, पाना घ्या, काढा तो. काढायचा नसेल तर स्वतःच्या आईला गाडीसमोरून चालायला लावा आणि दाबा बटण.

आणि तू. त्या संध्याकाळी गिरणाऱ्याच्या रस्त्याला होतास तो. नाशिकचाच असशील. कदाचित हे वाचतही असशील.

तुझ्या हातून माणूस मेलाय. तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. आता तरी नीट झोपू नकोस.

अहो नाना, माझं बोलून झालं. तुम्ही निघा आता.