आदळणारी गाडी आणि अण्णांची पाठ

माझ्या गाडीत बसून चहा पिता येत नाही. प्यायला गेलं तर निम्मा शर्टावर येतो. बायकोने सुरुवातीलाच ठरवून टाकलं, की अंडी आणायची असतील तर स्कूटर न्यायची आणि मला मिरवायचं असेल तर गाडी. बंगळूरच्या ज्या गॅरेजात मी काम करतो तिथली पोरं म्हणतात, हिच्या चाकाखाली नाणं आलं तर छापा होता की काटा ते बसल्या जागी कळतं.

दिसायला चार दारांची साधी सेडान. पण इंजिन शर्यतीत धावेल असं, बूड जमिनीला टेकायला आलेलं आणि टायर इतके पातळ की चाकावर रबर आहे की नुसता काळा रंग मारलाय, असा प्रश्न पडावा. स्प्रिंगा कडक. मोकळ्या महामार्गावर वेग घेतला की ती घोरपडीसारखी रस्त्याला चिकटते, तेव्हा तिच्याइतकी गुणी गाडी नाही. हळू चालवली की रस्त्यातला एकेक खडा मोजते. आणि आपल्याला तर दिवसातला बहुतेक वेळ हळूच चालवावी लागते.

त्यात मी मुळात घाबरट. खड्डा दिसला की लांबूनच पाय ब्रेकवर जातो. गतिरोधक तिरका घ्यायचा, एकेक चाक चढवायचं, मागचे हॉर्न वाजवतात त्यांना हात करायचा. कुठे जरा घासल्याचा आवाज आला की घरी येऊन गुडघ्यावर बसतो आणि बॅटरी मारून खाली बघतो. तरी स्प्रिंगा बदलून मऊ घालाव्यात असं मनाला पटत नाही. माझ्याच हातातलं काम आहे ते, कुणाला विचारायलाही नको. पण मग ती ही गाडी राहणार नाही, आणि तिला उभी करणारा मी आहे.

ती गोष्ट अशी. आमच्या आणे गावाच्या पठारावरून नववी अर्धी टाकून मी बंगळूरला आलो, तेव्हा मला भाषा येत नव्हती आणि पाना कुठल्या हातात धरायचा तेही कळत नव्हतं. गॅरेजच्या शेठनी ठेवून घेतलं, जेवू घातलं, शिकवलं. रागावले, पण हाकलून दिलं नाही. ही गाडी त्यांच्याकडे तोंड फुटलेल्या अवस्थेत आली होती. मालक परदेशी गेला तो गाडी सोडवायला आलाच नाही. गॅरेजच्या मागे गुलमोहराखाली ती कितीतरी पावसाळे उभी होती, आत मांजरी व्यायल्या. एक दिवस शेठ म्हणाले, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. त्या मालकाची सही आणून कागदसुद्धा माझ्या नावावर करून दिले. मग माझे रविवार तिच्याखाली गेले. कुठून दिवा आणला, कुठून दार. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा शेठ चहाचा पेला घेऊन बाहेर आले, आवाज ऐकला, मान डोलावली आणि आत गेले. मला ते पुरलं. आजही त्या माणसाची आठवण काढल्याशिवाय मी तिचं दार उघडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती घेऊन गावी गेलो. बायको कामामुळे थांबली होती. निमित्त आत्याच्या मुलीच्या लग्नाचं. आत्या दिलेली आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या अलीकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिचे एकुलते एक भाऊ. म्हणजे नवरीला सख्खा मामा एकच. आमच्याकडे मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी मामाच उभा राहतो. ती जागा दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

आणि अण्णांना तर उभं राहण्याचीच चोरी. उभं आयुष्य त्यांनी पिकअप चालवली. टोमॅटो, कांदा, ज्याचा माल असेल त्याचा, आण्याहून नारायणगावच्या बाजारात. त्यातच मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, दणका बसता कामा नये. तेव्हा पिकअप विकली आणि त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नव्हता.

गाडी दारात उभी केली तर गल्ली गोळा झाली. शेजारचा चुलता, म्हणजे अण्णांचा चुलतभाऊ, खाली वाकून म्हणाला, "आरं, हिचं बूड लागतंय की भुईला." अण्णांनी एक चक्कर मारली. मग दोन्ही हात बॉनेटवर ठेवून जोरात दाबलं. पिकअपची कमान, म्हणजे स्प्रिंग, तपासायची त्यांची ती जुनी रीत. गाडी हलली नाही. त्यांना घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन आलो. उतरताना त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि हळूच मला म्हणाले, "पोरा, फसवलं तुला कुणीतरी."

मी समजावत बसलो, की अण्णा, ही अशीच असते, परदेशात लोक मुद्दाम अशी घेतात. चुलता ऐकत होता. म्हणाला, "अण्णाची गादी सरकलीय आन हिला गादीच न्हाई. जोडी लई झ्याक जमली."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आलो तर गाडीचं मागचं अंग खाली बसलेलं. डिकी उघडली तर आत कांद्याच्या गोण्या. अण्णांनी चुलत्याकरवी भरून घेतल्या होत्या. पिकअप रिकामी असली की उड्या मारते आणि माल भरला की शहाण्यासारखी चालते, हे त्यांना जन्मभर ठाऊक. हिलाही तोच उपाय. "आता बग कशी बसल," म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणवेना. गाडी चालू केली, फाटकातून बाहेर काढली, आणि तिथल्या फरशीवर खालून असा करकराट झाला की माझ्याच दाताखाली खडा आल्यासारखं वाटलं.

गोण्या उतरवल्या. पाठीवर झोपून खाली सरकलो, बॅटरी मारली. एक ओरखडा होता, बाकी काही नाही. तरी मी तिथेच पडून बोटांनी चाचपत राहिलो. बाहेर अण्णांचे पाय दिसत होते. ते तिथून हलले नाहीत.

लग्नाच्या दिवशी चुलत्याने त्याची मोठी गाडी काढली. मऊ, उंच, आत बसलं की झोपच लागावी. माझं मनात पक्कं ठरलेलं. आईला आणि अण्णांना तिच्यात बसवायचं, मी मागून एकटा यायचं. आई आहेर घेऊन बसलीसुद्धा. अण्णा माझ्या गाडीच्या दाराशी उभे.

मी हात जोडायचा बाकी राहिलो. म्हटलं, वाटेत पाठ धरली तर पोरीच्या मागं कोण उभं राहणार? आत्या काय म्हणेल?

"पोराची गाडी दारात असताना मी दुसऱ्याच्या गाडीतनं भाचीच्या लग्नाला जाऊ?" अण्णा म्हणाले. "उभा ऱ्हाईन मी. चल."

आण्याचा घाट उतरलो तोवर ते बोलत होते. इथे एकदा पिकअपचं चाक निखळलं होतं, तिथे कांदे सांडले होते. बेल्ह्यानंतर बोलणं कमी झालं. राजुरीत एकामागून एक गतिरोधक. मी मुंगीच्या पावलाने घेत होतो, तरी प्रत्येकाला त्यांचा हात वरच्या कडीवर आवळायचा. आळेफाट्याला पाहिलं तर कपाळावर घाम आणि ओठ मिटलेले. गाडी बाजूला घेतली. चुलत्याची गाडी कधीच पुढे गेली होती. माझ्या डोळ्यांपुढे बोहलं आलं आणि नवरीच्या मागची मोकळी जागा आली. म्हटलं, अण्णा, फोन करतो, चुलत्याला माघारी बोलावतो.

"उतर," ते म्हणाले. "मला चालवू दे."

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले व्हते?"

"दणका बसू देऊ नको म्हणाले व्हते. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, त्यो आधीच सावरून बसतो. हितं बसून मी नुसती वाट बगतोय, आता कदी बसतोय दणका. पाठ त्यानंच चाललीय."

मी दार उघडून उतरलो. जागा बदलल्या. या गाडीला क्लच नाही, डावा पाय उगाच पुढे आणू नका, असं मी दोनदोनदा बजावलं. त्यांनी मान डोलावली. पन्नास पावलं गेलो नसू, सवयीने गिअर बदलायला डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं. मागच्या दूधवाल्याने मोटारसायकल कशीबशी आवरली आणि आमच्या घराण्याची चौकशी केली. अण्णांनी त्याला हात जोडले. मग डाव्या पायातली चप्पल काढली, पाय सीटखाली ओढून घेतला आणि निघाले.

पुढचं मी कधी विसरणार नाही. पिकलेल्या टोमॅटोचे क्रेट भरले असताना जशी पिकअप चालवायचे, तशी त्यांनी ती चालवली. खड्ड्याच्या आधीच वेग उतरवायचा, आणि खड्ड्यावर असताना ब्रेकवरून पाय उचललेला. कुठे डांबराची कड धरली, कुठे दोन खड्ड्यांमधून चाकं काढली. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत शेजारी बसायची वेळ आली होती. दणका कुठून येतोय ते कळत नव्हतं, आणि बायको रोज काय सोसते ते उमगलं. अण्णांच्या कपाळावरचा घाम मात्र वाळला होता.

मंचरच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. त्यांनी माझ्याकडे न बघता पाय दाबला. गाडीने अंग आवळलं आणि ती सपाट होऊन निघाली. एवढा वेळ खडखडणारी गाडी हीच का, असं वाटावं. थोडंच अंतर. मग त्यांनी वेग आपणच उतरवला आणि म्हणाले, "हं." एवढंच. पण मिशीखाली हसत होते. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

घोडेगाव मागे पडल्यावर रस्ता बिघडत गेला. शेवटी तर मांडवापर्यंत नुसती मातीची वाट. मी म्हणत होतो, इथेच लावू, चालत जाऊ. ऐकतात कुठे. एक बाजूची चाकं वाटेच्या मधल्या उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची कडेच्या गवतावर, अशी त्यांनी ती मांडवाच्या दारात नेऊन उभी केली. कुठे घासली नाही.

उतरायला वेळ लागला. आधी पाय बाहेर, मग दाराला धरून, मग टपावर हात टेकून. क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मी धावलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. हळूहळू पाठ सरळ झाली. आत्या पदर खोचून दारात उभी होती, तिने तेव्हा श्वास सोडला.

नवऱ्याकडचा एक वयस्क पाहुणा, पान खाऊन रंगात आलेला, मला म्हणाला, "काय पावणं, एवढी भारी गाडी आन ड्रायव्हर म्हातारा ठिवला?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. "ड्रायव्हरच हाय मी. मालक ह्यो. माजा पोरगा. नववीतनं शाळा सोडून बंगलोरला गेला, तितं गॅरेजमधी असतो. भंगारात पडली व्हती ही, ह्यानं एकट्यानं उभी केली."

अण्णा तोवर सगळ्यांना मी कंपनीत आहे असं सांगायचे. गॅरेज हा शब्द त्यांच्या तोंडून चारचौघांत मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही असा, की जणू तिथे जाण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. पाहुणा गाडीभोवती फिरू लागला. मी जमिनीकडे बघत उभा होतो. मान वर केली असती तर फार हसलो असतो.

मुहूर्तावर अण्णांनी भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं लांबली, कारण हौशी गाणाऱ्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकाला आपलं कडवं म्हणायचंच होतं. मी मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलून त्यांच्या मागे धरून उभा. त्यांनी एकदा वजन डाव्या पायावर घेतलं, एकदा उजव्या. दरवेळी मी खुर्ची पुढे सरकवली. ते एका हाताने अक्षता टाकत राहिले, दुसरी मूठ मिटलेली. शेवटचा सावधान झाला, वाजंत्री सुरू झाली, हार घातले गेले. अण्णा ताठ होते. खुर्ची धरून धरून माझेच हात भरून आले होते.

मग वळून त्यांनी खुर्चीकडे बघितलं. "ही कुणासाठी धरलीस?"

"तुमच्यासाठी."

"दे मंग. आता बसतो."

धपकन बसले, डोळे मिटले, पाय लांब केले. मी म्हटलं, अण्णा, झाली तुमची हौस, आता किल्ली द्या, जाताना मी चालवतो. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर किल्लीचा वळ उठला होता. त्यांनी ती परत मिटली.

"जाताना बी मीच," ते म्हणाले. "आईला म्होरं बसू दे. तू मागं बस."

मागची सीट तर पुढच्याहून कडक आहे. आण्यापर्यंत मी तिच्यावर आदळत गेलो. पुढे आई एका हाताने कडी धरून होती. बेल्ह्यात रस्त्याकडेला ओळखीच्या बायका दिसल्या, की त्यांना आपण दिसावं म्हणून दुसऱ्या हाताने ती काच खाली करत होती.