मीटरच्या खोलीतला नाग

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत मीटरच्या खोलीत नाग निघाला, तेव्हा फोन करून सर्पमित्राला बोलावलं. स्कूटीवरून बाविशीतली एक मुलगी आली. "बरोबर कुणी माणूस नाही का?" आमच्या चेअरमननी विचारलं. तिनं बरोबर आणलेल्या प्लास्टिकच्या जाड नळीच्या एका तोंडाला कापडी पिशवी बांधली, नळी जमिनीवर ठेवली आणि उकिडवी बसून राहिली. घाई म्हणून नाही. नळीतला अंधार दिसताच नाग आपणहून आत शिरला आणि पिशवीत उतरला.

तेवढ्यात चेअरमनच्या बायकोनं हळदकुंकवाचं ताट आणलं. मुलीनं नळी काढून पिशवीची गाठ आवळली.

"पूजा नाय करू देणार, मावशी," ती म्हणाली. "आमी मेंढरंवाले, चितेगावकडचे. माझ्या भावाला नाग चावला, तवा घरच्यांनी त्याला दिवसभर देवळात बसवलं. साप चावून नाय मेला तो, देवळात बसवून मेला. त्या सालीच मी हे शिकले. कुणाला चावला तर आधी सरकारी दवाखान्यात न्या."

मी पाणी दिलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं आणि नाग सोडायला निघून गेली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. पिशवीशेजारी चेअरमन उभे, खाली "नागदेवतेचं दर्शन, चेअरमनसाहेबांच्या धाडसाला सलाम." कडेला तिचा नुसता कोपर दिसत होता. माझं डोकं फिरलं. "पोरीला फोटोतून का कापलं?" असं मी लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकाचंही आलं नाही.