मावशींचे माप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावशींचे शिवणाचे दुकान होते. कपडा गिऱ्हाईकाच्या हाती दिला की त्या मापाची चिठ्ठी फाडून टाकत आणि पुढच्या खेपेला माप नव्याने घेत. एकदा माझ्या पत्नीला मावशींकडेच शिवणाऱ्या बहिणीसाठी तिच्या नकळत कपडा शिवून घ्यायचा होता. आठवणीतल्या मापाने शिवायला मावशींनी साफ नकार दिला. "तिलाच घेऊन या. बाईची कंबर मी तिच्या नवऱ्यालाही सांगत नाही."

पुढे त्यांचा उजवा हात कापू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी हात ताळ्यावर आला, टाका पूर्वीसारखा पडू लागला. पण हात कापतो म्हटल्यावर शिंपिणीच्या कात्रीखाली कापड कोण देणार? म्हणून गल्लीतला औषधवाला टाळून त्या गोळ्या फोनवरून मागवत, पैसेही फोनवरूनच भरत. घरात मुलालाही पत्ता नव्हता.

दुकानाचा भाडेकरार संपला. गाळे आता एका कंपनीचे होते. तिने करार वाढवला नाही. मावशींच्या कराचे कागद मी पाहतो, म्हणून कंपनीच्या कार्यालयात विचारायला सोबत गेलो. टेबलामागच्या मुलीने सांगितले, कंपनीने भाडेकरूंबद्दल एका माहिती संस्थेकडून मागवलेल्या अहवालात 'व्यवसाय फार काळ चालणे अवघड' असा शेरा आहे. बँकेने मावशींच्या खर्चाचा तपशील त्या संस्थेला दिला होता आणि संस्थेने औषधांवरून अंदाज बांधला होता. संमती मावशींनी खाते उघडतानाच दिली होती, आपण सगळे देतो तशी, न वाचता.

त्याच सुमारास नवा कायदा लागू झाला. ग्राहकाने मागणी केली की त्याची माहिती पुसणे आता बंधनकारक होते. मला आशा वाटली. आम्ही अर्ज केला. बँकेने आणि संस्थेने औषधांच्या नोंदी पुसल्या, तसे लेखी कळवलेही. शेरा मात्र राहिला. ती ग्राहकाची माहिती नव्हे, आमचे मत आहे, असे संस्थेचे म्हणणे. मी सगळी कलमे पुन्हा वाचून काढली. मतांबद्दल त्यात अक्षर नव्हते.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठी फाडली, पण बेतलेला कपडा ठेवून घेतला."

मशीन आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. दुकान का गेले हे विचारणाऱ्यांना सांगता सांगता आजार गल्लीभर झाला. परवा मी तिथे असताना एक जुनी गिऱ्हाईक कापड घेऊन आली. मावशींनी टेप हातात घेतली. बाईने त्या हाताकडे पाहिले, घडी तशीच पिशवीत सरकवली आणि मायेने म्हणाली, "राहू द्या मावशी, तुम्हाला कशाला त्रास?"

मावशींचा हात तेव्हा अगदी स्थिर होता.