ओट्सची वाढती मागणी

आमची कंपनी इंटरनेटवर खायचे पदार्थ विकायची. हे नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटचं. तेव्हा बेंगळुरात इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेतून येणारी खरखर होती, आणि घरात कुणी ते लावलं की फोन बंद. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक अमेरिकेत बसलेलं असे आणि खाणारं तोंड इथल्या बसवनगुडीच्या गल्ल्यांत. मुलगा तिकडे कळ दाबणार, आम्ही इकडे त्याच्या आईच्या दारात खोकं ठेवणार. आईला काय हवं, हे विचारायची सोय आमच्या वेबसाइटवर नव्हती. तिच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, मग विचारायचं कशाला?

मी संख्याशास्त्र शिकून पुण्याहून आलेली, म्हणून माझ्याकडे अंदाज बांधायचं काम. कुठला माल किती खपेल, कधी संपेल, पुन्हा केव्हा मागवायचा, हे दर सोमवारी साहेबांना सांगायचं. साहेब अमेरिकेतून नुकतेच परतले होते. अर्ध्या चड्डीत ऑफिसला यायचे आणि शिपायानेही आपल्याला नावाने हाक मारावी असा आग्रह धरायचे. शिपाई बिचारा ‘सर’ म्हणून मोकळा व्हायचा. अंदाजाचं सूत्रही त्यांनीच तिकडून आणलेलं. मागचे काही महिने जे खपलं त्यात सणवार मिळवायचे, आणि येईल त्या आकड्यात साहेबांचा उत्साह. गोदामातून पुडा बाहेर पडला म्हणजे तो कुणीतरी खाल्ला, हे त्यात धरलेलंच होतं.

या सूत्राच्या हिशेबाने बसवनगुडीत ओट्सची लाट आली होती. ओट्स, कॉर्नफ्लेक्स, बिनसाखरेची बिस्किटं. आलेख पतंगासारखा वर चाललेला. सकाळी इडली आणि दुपारी इडलीचंच काहीतरी खाणाऱ्या त्या गल्ल्यांत हे कोण रिचवतंय, असा प्रश्न मला पडला. साहेबांना पडला नाही. त्यांनी बोम्मसंद्राचं गोदाम ओट्सने भरायचं ठरवलं आणि आमच्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकाच्या आईचा ओट्स खाताना फोटो काढून आणायला मला पिटाळलं. भांडवल घालणाऱ्यांना तो दाखवायचा होता.

ती आई म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेलं मराठी घर. गल्ली त्यांना अक्का म्हणायची. एकुलता एक मुलगा अमेरिकेत. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी तेव्हा आवई होती, आणि हा मुलगा ते थोपवायच्या कामावर होता. तेवढं संपलं की येतो, असं त्याने कबूल केलं होतं. मी कंपनीचं नाव सांगितल्याबरोबर अक्कांनी पहिला प्रश्न विचारला तो याचाच.

“त्यानं यायचं काय लिहिलंय का गं?”

“नाही अक्का, मी फोटोसाठी आलेय. तुम्ही ओट्स खाताना.”

“मी? ते घोड्याचं खाणं? बस, स्वल्प कॉफी घे.”

स्वयंपाकघरात आमचा एकही पुडा नव्हता. होता तो चिरोट्यांचा बारीक रवा आणि लोणकढं तूप, डबे भरभरून. मुलाला चिरोटे आवडतात, तो आला की करायचे. आमचं खोकं आलं की अक्का ते तसंच कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धाडायच्या आणि बदल्यात रवा-तूप घ्यायच्या. ही युक्ती त्यांनी गल्लीतल्या बाकीच्या आयांनाही शिकवली होती. त्या सगळ्यांची मुलं तिकडेच.

“आणि वाणी त्याचं काय करतो?”

“विकतो की. एक कंपनी येऊन सगळं घेऊन जाते म्हणे. कोण येडे आहेत देव जाणे!”

ते येडे कोण, हे मला गोदामात कळलं. माल कमी पडला की आमचा खरेदीवाला बसवनगुडीच्या त्याच वाण्याकडून उचलायचा. मी एका पुड्यावरचं आमचं स्टिकर खरवडलं. खाली आमचंच स्टिकर, त्याच्याखाली आणखी एक. तेच ओट्स गल्लीतून गोदामात आणि गोदामातून गल्लीत प्रदक्षिणा घालत होते, आणि प्रत्येक फेरीला माझा आलेख एक पायरी चढत होता. या बोटावरची थुंकी त्या बोटावर, याला आम्ही वाढती मागणी म्हणत होतो.

मी साहेबांना सांगितलं. वाटलं, निदान ओशाळतील.

“पैसे बेटा दे रहा है ना?” साहेब म्हणाले. “खाया किसने, दॅट इज नॉट अवर प्रॉब्लेम.”

“पण मग गोदाम कशाला भरायचं? आहे तेच फिरतंय.”

“इन्व्हेस्टर को खाली गोडाऊन दिखाऊँ?”

माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी मी अक्कांच्या मुलाला ईमेल लिहिली. तुमची आई तुम्ही पाठवलेल्यातलं काही खात नाही. ती तुमची वाट बघते आहे. एवढंच, साध्या मराठीत. नोकरी गेली तर गेली, असं तेव्हा खरंच वाटलं होतं.

उत्तर तातडीने आलं, इंग्रजीत. मोलाच्या सूचनेबद्दल आभार. आईला काय आवडतं ते कृपया विचारून घ्यावं आणि पुढची पाच वर्षं दर महिन्याला तेच आपोआप पोचेल अशी व्यवस्था करावी. सगळी रक्कम आगाऊ भरतो आहे.

नोकरी जायची राहिली बाजूला, साहेबांनी ऑफिसात केक कापला. पाच वर्षांची पक्की मागणी! अंदाज बांधायची गरजच संपली! टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही उभी होते आणि मला त्या मुलाच्या कानाखाली वाजवायची होती. तो भेटणार नव्हता, म्हणून केक न खाता मी अक्कांकडे निघाले, त्यांची आवड लिहून आणायला.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पाच वर्षं?”

“हो.”

“म्हणजे पाच वर्षं येत नाही तो.”

तसं नाही अक्का, ही नुसती सोय आहे, असलं काहीतरी मी बोलायला लागले. त्यांनी वर्ग गप्प करावा तसा हात वर केला. हातातल्या पेनाची मला लाज वाटत होती.

“सरी, बरं तर,” त्या म्हणाल्या. “लिही. ओट्स.”

“अक्का, तुम्हाला आवडतं ते सांगा ना. काहीही मागवता येतं. रवा, तूप, काहीही.”

“ओट्सच लिही. आवडीचं सगळं दारात आलं, तर आई सुखात आहे म्हणेल तो. मग कधीच यायचा नाही.”

मी ओट्स लिहिलं आणि सही घेतली.